सतरा नंबरची पेटी

दि. ९ फेब्रुवारी

चिरंजीव धाकट्यास,

थोरल्याचे आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुमची खुशाली तुझ्या बायकोच्या फोनवरून तुझ्या वहिनीला कळते, आणि वहिनीला जेवढी सांगावीशी वाटते तेवढी मला. म्हणून स्वतः लिहायला बसलो. तू माझा फोन उचलत नाहीस असं मी म्हणत नाही. त्या गोदामाच्या गेटवर ड्युटीच्या वेळी फोन वापरायला बंदी असेल.

पत्र लिहायची सवय नाही. माझे अर्ज, पत्रं सगळं तूच लिहायचास. तेव्हा अक्षर सांभाळून घे. एक ओळ लिहिली की मागची बरोबर आहे का ते पाहतो, त्यात वेळ जातो.

वहिनीचे गुडघे तसेच आहेत. जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरते आणि मी खाली उभा राहून वर बघत असतो. ती म्हणते, "खाली उभे राहून काय करणार? झेलणार का मला?" मोरीतला नळ गळतो. दोनदा वायसर बदलला. बाहेर पडताना गॅस बंद केला का हे मी तीनदा पाहतो, मग कोपऱ्यापर्यंत गेल्यावर वाटतं की पाहताना चुकून चालू तर केला नाही ना. परत येतो. माझं हे असंच आहे, तुला माहीत आहे.

तू इतक्या लवकर जाशील असं वाटलं नव्हतं. लेकीकडे चार दिवस राहून येशील असं वाटलं होतं. घराला कुलूप लावून किल्ली शेजारच्या शिंप्याकडे ठेवलीस. आमच्याकडे ठेवली असतीस तरी चाललं असतं. शिंपी काही वाईट माणूस नाही.

निकालाचं लिहायचं तर तुला सगळं ठाऊकच आहे. तरी माझ्या बाजूने क्रमाने लिहितो, म्हणजे माझ्याही डोक्यात नीट बसेल.

नवा कामगार कायदा आला तेव्हा तुझ्याच पायरीवर बसून आपण चहा पीत होतो. पेपर तू वाचून दाखवलास. मोल्डर, भट्टीवाला, फिटर हे जुने हुद्दे सगळे रद्द. आता देशभर एकच माप, स्तर एक ते स्तर पाच. प्रमाणपत्र ज्या स्तराचं, काम त्या स्तराचं. जुन्या माणसांना शाळेचा दाखला नको, हाताची परीक्षा देऊन स्तर मिळवायचा. तू म्हणालास, "दादा, छत्तीस वर्षं रोज परीक्षाच देतोय. त्यात आणखी एक." मला वाटतं तू हसलासही होतास.

मला कौशल्य केंद्राने परीक्षक म्हणून घेतलं, कारण धातू ओतायच्या वाळूच्या साच्याचं काम जाणणारी निवृत्त माणसं फारशी उरलेली नाहीत. दुसरे परीक्षक संस्थेतून आलेले, वय तिशीच्या आत, हातात कायम तो टॅब. मी त्यांना मनात टॅबवाले सरच म्हणतो. केंद्राची शेड तू पाहिलीस ती अर्धी. मधल्या पत्र्याच्या पलीकडे आम्ही होतो. जमीन इतकी धुतलेली की वाळू सांडली तर आपणच ओशाळावं. उमेदवार तुमच्या बाजूला पेटीत वाळू भरून साचा करणार, पेटीवर नुसता नंबर, पेटी ढकलगाडीवरून आमच्याकडे येणार. कोणाची पेटी ते आम्हाला कळायचं नाही. केंद्रावरच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "नंबर असला की नातं उरत नाही, काका." म्हणून तर नियम होता की कामावर ओळख पटेल अशी कुठलीही खूण दिसली तर ते काम बाद.

आणि तू अंगठा उठवलास.

मी तुला दोष देत नाही. आपल्या कारखान्यात सगळेच उठवतात. म्हाताऱ्या मिस्त्रींनी लावलेली सवय ती. साचा बंद करायच्या आधी कडेच्या वाळूत अंगठा दाबायचा, जिथे पुढे लेथ फिरते आणि वरचा थर निघून जातो. गिऱ्हाइकाकडे माल जाईपर्यंत खूण राहत नाही, पण वाळूतून निघताना तुकडा कोणाचा ते सगळ्यांना दिसतं. बिघडलं तर "माझं नाही" म्हणायची सोय नाही. मिस्त्री म्हणायचे, चांगल्या कामाला धनी पुष्कळ भेटतात, वाईटालाही एक असू दे. इतक्या वर्षांत ते हाताचं झालं. तू काही मुद्दाम केलं नसशील.

सतरा नंबरचा तुकडा वाळूतून काढून ब्रशने झाडला तेव्हा टॅबवाल्या सरांना कडेला खूण दिसली. त्यांनी नियम काढून दाखवला. मी काय करणार होतो? निकालावर दोघांच्या सह्या लागतात. मी सही केली. स्तर एक, सहायक. त्यावर मोल्डर म्हणून काम करता येत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं, नाही असं नाही.

पुढची परीक्षा दोन वर्षांनी. हरकत घ्यायची असेल तर एकतीस मार्चपर्यंत घेता येते, पण हरकतीत परीक्षकाची चूक दाखवून द्यावी लागते. आणि इथे तशी चूक कोणाचीच नाही, असं मला वाटतं.

वहिनीने मला एकदाच विचारलं. "तुम्ही तिथे होतात ना?"

"होतो."

"मग झालं," असं म्हणून ती भांडी घासायला लागली.

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील. जावयांना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
दादा


दि. २६ फेब्रुवारी

चिरंजीव धाकट्यास,

आशीर्वाद. मागचं पत्र पोचलं का? पत्ता चुकला असेल म्हणून पोस्टात जाऊन विचारलं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "आजोबा, परत आलं नाही म्हणजे पोचलं." मी म्हटलं, मधेच कुठे पडलं असेल तर? तो म्हणाला, "मग त्यालाही माहीत नसेल आणि तुम्हालाही. दोघंही सुखी." हसावं की काय ते कळलं नाही. पुढचा नंबर आला होता, बाजूला झालो.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. तू गेटवर रजिस्टर घेऊन बसतोस, येणाऱ्या गाडीवाल्यांकडून नाव आणि वेळ लिहून घेतोस, आणि घरी आल्यावर बोलत नाहीस. वहिनीने हे मला सांगितलं नाही. मी दाराआड होतो, ऐकू आलं.

सोमवारी कारखान्यात जाऊन आलो. तुझी हत्यारांची पेटी तिथेच राहिली होती, ती घरी आणली. मॅनेजर चांगलं बोलले. चहा मागवला. भिंतीवर आता प्रमाणपत्रांच्या चौकटी लावल्यात, एका रांगेत, काचेला धूळ बसू नये म्हणून वर प्लास्टिक. मी त्यांना म्हटलं, "साहेब, त्याचा हात तुम्ही ओळखता."

"मी ओळखतो हो काका. पण तपासणीला येणारा माणूस हात बघत नाही, भिंत बघतो. स्तर एकच्या माणसाला साच्यावर उभा केला तर कारखान्याचा परवाना जातो. मी त्यांना म्हटलं होतं, नावाला सहायक राहा, पगार फार कमी करणार नाही. राहिले अकरा दिवस. मग नाही आले."

अकरा दिवस तू वाळू चाळलीस, हे मला माहीत नव्हतं. स्वतःच्या जागेपासून चार हातांवर उभं राहून. मला वाटत होतं तू निकालाच्या दुसऱ्या दिवशीच काम सोडलंस. अकरा दिवस तू रोज संध्याकाळी आमच्या घरावरून गेला असशील.

तुझ्या जागेवर आता एक मुलगी आहे. केंद्रातून शिकून आली आहे, स्तर तीन. बावीस-तेवीसची असेल. मी जरा लांब उभं राहून पाहिलं. तिने ओलावा मोजायचं यंत्र वाळूत खुपसलं, आकडा लिहिला, आणि मग हळूच मूठभर वाळू उचलून दाबली आणि मधोमध मोडून पाहिली. कड तुटली नाही. मी विचारलं, "केंद्रात हे शिकवतात का?"

"नाही. इथे एक काका होते, वाळू चाळायला. त्यांनी दाखवलं. यंत्राचा सेल संपला तर घरी बसणार का, म्हणाले."

तिच्यावर राग धरावा असं काही सापडलं नाही. काम बरं करते. कोपऱ्यातली वाळू ठोकून बसवायला अजून घाबरते, पण ते येईल.

आमच्या प्रशिक्षणात मॅडमनी मला विचारलं होतं, "काका, मुठीने ओलावा नेमका किती कळतो?" मी म्हटलं, "मूठभर." सगळे हसले. नंतर कळलं की तक्त्यात मुठीला रकानाच नाही. यंत्र वापरलं का, हो किंवा नाही, एवढंच. तू यंत्र वापरलंस, हो वर खूण आहे. पत्र्याच्या पलीकडे मूठही दाबली असशील, पण ते तक्त्यात येत नाही.

मॅडम वाईट नाहीत. त्या कायद्याबद्दल मनापासून बोलतात. म्हणतात, हातातलं कौशल्य कागदावर आलं की कामगार एका मालकाला बांधलेला राहत नाही, कुठल्याही गावी जाऊन उभा राहू शकतो. ते खरंही असेल. तूही गेलासच की गावाबाहेर.

तुला वाटेल सगळ्यांचं सांगतो आणि तुझ्या कामाचं सांगत नाही. सांगतो. सतरा नंबरचा साचा फार चांगला होता. नमुना काढताना कड कुठे ढासळलेली नव्हती. वायू जायची भोकं एकसारखी. धातूचा रस जायची वाट अशी घासलेली की बोट फिरवावंसं वाटलं. चाळीसपैकी मी अडतीस दिले. चाळीसच द्यायचे होते, पण पुरे दिले तर कोणाला संशय यायचा म्हणून दोन कापले.

हे लिहायचं नव्हतं. कागद फाडला असता, पण मागच्या बाजूला सगळं लिहून झालंय आणि पुन्हा उतरवायला माझी दुपार जाईल.

तुझी हत्यारं पुसून तेल लावून ठेवली आहेत. लहान थापीचा दांडा सैल झाला होता, पाचर मारली.

नळ अजून गळतो.

तुझा,
दादा


दि. २० मार्च

धाकट्या,

उत्तर आलं नाही. येईल अशी वाटही आता पाहत नाही. तुझं चुकत नाही.

मागच्या पत्रातल्या त्या ओळीवरून तुला कळलं असेलच. तू माझ्यापेक्षा पाच वर्ग जास्त शिकलास, ओळीच्या मागचंही वाचतोस. तरी लिहून टाकतो.

साचा उघडा असताना आधी त्याचे गुण द्यायचे, मग पेटी बंद करून रस ओतायचा, मग तुकड्याचे गुण. म्हणजे सतरा नंबरची पेटी माझ्यासमोर उघडी होती. टॅबवाले सर पलीकडे सोळा नंबरचे आकडे भरत होते. मी वाकलो आणि कडेला अंगठा दिसला. मधोमध तिरकी चीर, गव्हाच्या दाण्याला असते तशी. ती चीर दुसऱ्या कोणाच्या अंगठ्यावर असणार? तुला कामाला लागून महिनाही झाला नव्हता, माझ्या हातून पेटी निसटली आणि तुझा अंगठा खाली होता. तू घरी सांगितलंस की तुझंच लक्ष नव्हतं.

परीक्षकांच्या सूचनांत मागच्या पानावर चौथी सूचना आहे. ओतण्याआधी खूण दिसली तर परीक्षकाने उमेदवाराला बोलवून ती पुसायला लावावी, गुण कापू नयेत. पहिल्याच दिवशी मॅडमनी ती मोठ्याने वाचली होती. मी ऐकली होती. चूक कोणाचीच नाही असं तुला लिहिलं तेव्हाही मला ती आठवत होती.

बोलवायचीही गरज नव्हती म्हण. माझ्या शर्टाच्या खिशात लहान थापी होती. एकदा फिरवली असती तर वाळू सपाट झाली असती. पाच मिनिटं माझ्याकडे होती. हात खिशापर्यंत गेला, दांडा बोटांना लागला. मग मनात आलं की साच्याला हात लावताना कोणी पाहिलं तर विचारतील, का लावला. मग विचारतील, पेटी कोणाची. मग माझे कागद काढतील. हात तिथेच राहिला.

कागदांचं तुला सांगायला नकोच. परीक्षकाला नववी पास असण्याची अट होती. तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तू माझा अर्ज भरत होतास. शिक्षणाच्या रकान्याशी जरा थांबलास आणि "नववी" लिहिलंस. मी म्हणालो, "अरे, चौथी." तू म्हणालास, "दादा, तू चौथीत शाळा सोडून कामाला लागलास म्हणून मी नववीपर्यंत गेलो. अर्धी नववी तुझीच आहे. वापर थोडे दिवस." तुझी बायको म्हणाली, "धुऊन परत करा म्हणजे झालं." आपण तिघं हसलो होतो.

परीक्षेच्या त्याच आठवड्यात सूचना लागली होती की परीक्षकांचे मूळ दाखले तपासायला घेणार आहेत. चार दिवस मी जेवत होतो पण काय जेवतो ते कळत नव्हतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. सांगतो एवढंच.

पुढचंही ऐक. तुकडा निघाला, सरांना खूण दिसली. त्यांनी विचारलं, "हे काय आहे, काका?" साच्याच्या कामातलं त्यांना फारसं कळत नाही. वाळू खचली असेल असं मी म्हणालो असतो तर दोन गुण गेले असते, बस.

मी म्हणालो, "अंगठ्याची खूण वाटते."

"कोणाची?"

"ठाऊक नाही."

त्यांनी टॅबवर काहीतरी दाबलं. मी सही केली. मग जेवणाची सुट्टी झाली. मी डबा उघडला आणि जेवलो. भाजीत मीठ कमी आहे हेही कळलं. आतून काहीतरी होईल असं वाटत होतं, काही झालं नाही. दुपारी आणखी नऊ पेट्या पाहिल्या.

निकालाच्या दिवशी तू फळ्यावरचा कागद वाचलास. मग वळून माझ्याकडे पाहिलंस. मॅडम तिथेच दोन पावलांवर होत्या. मला वाटलं, आता बोलशील. "दादा, नववी," एवढंच म्हणाला असतास तरी माझं सगळं तिथेच संपलं असतं. तू म्हणालास, "ऊन चढलंय. सावलीच्या बाजूने जा."

मी सावलीच्या बाजूने घरी गेलो.

मागच्या आठवड्यात चार दिवस बसून एक कागद लिहिला. तीनदा उतरवला, कारण खाडाखोड चालणार नाही असं वाटलं. वहिनी येता-जाता बघत होती. चौथ्या दिवशी तिने वाचायला मागितला. वाचून परत दिला आणि म्हणाली, "शर्ट इस्त्रीचा घाला." एवढंच. पण जिन्यापर्यंत आली, आणि त्या दिवशी ती वर उभी राहून मी उतरताना बघत होती.

केंद्रात मॅडमच्या टेबलावर कागद ठेवला.

"हे काय, काका?"

"माझी चूक झालेली आहे, ती लिहून आणली."

त्यांनी आधी वरवर वाचला, मग पहिल्यापासून वाचला. "सतरा नंबरचे उमेदवार तुमचे कोण?"

"भाऊ. धाकटा."

"तेव्हा तुम्ही ठाऊक नाही म्हणालात."

"हो."

"काका, यावर मी आवक शिक्का मारला की तुमचं परीक्षकपद जाईल. चौकशी लागेल. तुमचा मूळ दाखला तुम्ही अजून दिलेला नाही, तोही मागतील."

"मूळ दाखला चौथीचा आहे."

त्यांनी कपाट उघडून माझा अर्ज काढला आणि माझ्या कागदाशेजारी ठेवला. दोन्हींकडे बघत राहिल्या. एकीकडे तुझं सरळ, गोल अक्षर, एकीकडे माझं.

"अर्ज कोणी भरला होता?"

"मी."

"अक्षर वेगळं दिसतं."

"तेव्हा चष्मा नवा होता."

मॅडमनी माझ्या चष्म्याकडे पाहिलं. काच तडकलेली आहे, दोन वर्षं तीच आहे. मग त्यांनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, "बरं. चष्मा नवा होता." मी पास केलेल्यांचं काय होणार असं विचारलं. त्यांच्या निकालावर दुसऱ्या सरांची सही आहे, त्यामुळे ते राहतील, असं त्या म्हणाल्या. राहतील असं वाटतं, असं म्हणाल्या. मी तोच शब्द धरून आलो आहे.

तेव्हा हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. अर्ज मी भरला, असंच आता कागदावर आहे, आणि तसंच राहू दे. तुला विचारलं तर म्हण, ठाऊक नाही.

कागदात मी काय लिहिलं ते तुला माहीत असावं. "सतरा नंबरच्या कामावरची खूण माझ्या धाकट्या भावाच्या अंगठ्याची आहे. मी ती ओळखतो. रस ओतण्याच्या आधीही ओळखली होती. चौथी सूचना मी पाळली नाही. साच्यात दोष नव्हता." दोन गुणांचंही लिहिलं.

माझा कागदच तुझी हरकत म्हणून धरला, आणि ती मंजूर झाली आहे. तुझा साचा पुन्हा घेणार, बारा एप्रिलला, सकाळी दहा वाजता, त्याच शेडमध्ये. केंद्राचं पत्र तुला पोस्टाने येईल. परीक्षक दुसरे असतील, मला गेटच्या आत यायला मनाई आहे. तू येशील की नाही ते मी विचारत नाही. गेटवरची नोकरी बसून करायची आहे, उन्हातान्हाची नाही, लेक जवळ आहे. नाही आलास तरी मला काही म्हणायचा हक्क उरलेला नाही. वहिनीने मात्र तुझ्या घराची किल्ली शिंप्याकडून आणून खिडक्या उघडून ठेवल्यात. ती कोणाला विचारत नाही.

हत्यारांची पेटी अकरा तारखेला केंद्राच्या पहारेकऱ्याकडे ठेवतो. थापी सगळ्यांत वर आहे. त्या दिवशी अंगठा उठवू नकोस. कारखान्यात परत उभा राहिलास की उठव.

शिक्का पडला की मोकळं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. घरी आलो, कपडे बदलले, नळाखाली बादली ठेवली. पण त्या दिवशी बाहेर पडताना गॅस एकदाच पाहिला होता, ते संध्याकाळी लक्षात आलं.

सावलीच्या बाजूने येत जा.

तुझा थोरला भाऊ,
शिक्षण चौथी